एका गाण्यापुरतं

पहिल्या खेपेला गायिकेनं अख्ख्या अल्बमसाठी ऑनलाइन वर्गणी मागितली आणि तोंडावर आपटली. वहिनी म्हणाली, “अगं, अंथरूण पाहून पाय पसर. ऐकणारे मूठभर अन् मागणं डोंगराएवढं! एका गाण्यापुरतंच माग.” तिनं तेवढंच मागितलं, वर्गणीदाराच्या पसंतीचं गायचंही कबूल केलं. सगळी रक्कम एकाच निनावी माणसानं भरली. सोबत निरोप होता, “आईच्या उशाशी अर्धवट सोडलेलं गाणं पुरं कर.” ते गाताना खोलीत ती आणि आई, दोघींशिवाय कुणीच नव्हतं. आईनं पलंगाच्या दांडीवर अंगठीनं ठेका धरलेला. शेवटच्या कडव्याआधी तो थांबला. आई गेली, अंगठीही तिच्याबरोबरच. स्टुडिओत ती डोळे मिटून गायला लागली. हेडफोनमध्ये रेकॉर्डिस्ट वैतागला, “ताई, अंगठी काढून ठेवा, टकटक येतेय.” तिनं रिकामी बोटं काचेतून दाखवली आणि ठेका थांबायच्या आत शेवटचं कडवं उचललं.