सात नंबरची पट्टी

"तौफिक, सात नंबरवर ओरखडा मारायचा राहिलाच की!" माणिकताई करवादल्या.

शुक्राच्या ढगांत तरंगणाऱ्या वसाहतींमध्ये आम्लाची वाफ दारांच्या बिजागऱ्या खाऊन टाकायची. म्हणून नऊ वर्षं सगळी दारं सीलबंद होती. समोरच्या वसाहतीतली धाकटी बहीण कुंदा माणिकताईंना खिडकीतूनच दिसायची, हात हलवताना.

बिजागऱ्यांसाठी लेप निवडायला त्यांनी बारा पट्ट्यांवर बारा लेप दिले होते आणि त्या चाळीस दिवस नळीतून बाहेर सोडल्या होत्या. लेपाची खरी परीक्षा ओरखड्यावरच होते, म्हणून प्रत्येकीवर आधी ओरखडा मारायचा असा त्यांचा नियम होता. अकरा पट्ट्या ओरखड्यापासूनच कुरतडलेल्या परत आल्या. सातवी मात्र गुळगुळीत होती.

"ताई, ओरखडे तुम्हीच मारले होते," म्हणत त्यांचा मदतनीस तौफिकने पट्ट्या बाहेर सोडण्याआधीचा फोटो पुढे केला. सातवीवर चांगला खोल ओरखडा होता.

माणिकताईंनी खिळा उचलला आणि पट्टीवर करकरून ओढला. दोघं डोळे लावून बसले. चहा निवेपर्यंत ओरखडा कडेकडेने भरून आला.

"मिटला!" तौफिक ओरडला.

ताईंनी तोवर फोन लावलासुद्धा होता. "कुंदे, हात हलवणं पुरे आता! नव्या बिजागऱ्या घेऊन येतेय. दाराशी ये!"