ड्रमरचा सत्कार

झाशीच्या मराठी मंडळात विश्वंभरचा सत्कार चालला होता आणि समोर बसलेल्या अंबिकेच्या अंगाचा तिळपापड होत होता. तिचा हा नवरा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी रेल्वेची नोकरी लाथाडून रॉक बँडबरोबर पळाला. देशोदेशी ड्रम बडवले, गायिकेबरोबर बिऱ्हाड थाटलं आणि दारूपायी बँडने हाकलल्यावर पुन्हा दारात उभा राहिला. त्याने टाकलेल्या ड्रमच्या काठ्यांनी रंगाची पातेली ढवळत, लोकांच्या साड्या रंगवून तिने जुळ्या मुली वाढवल्या. त्याच काठ्या आज हार घालून टेबलावर मांडल्या होत्या! हिंदीभाषी सूत्रसंचालक गहिवरून म्हणाला, “विश्वंभरजी ने संगीत के लिए पूरा संसार छोड़ दिया!” टाळ्यांचा कडकडाट झाला. विश्वंभरने नम्रपणे हात जोडले. अंबिकेने ताडकन उठून काठ्यांवरचा हार भिरकावला. “भैया, तुमच्या हिंदीतला संसार हे सगळा फिरून आले. सोडला तो आमच्या मराठीतला.”