थांबलेल्या डब्यातली माणसं

रक्तपेढीचा प्रोग्राम सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बंद पडला. वरच्या मजल्यावर एका गरोदर बाईचं सिझेरियन संध्याकाळी पाचला ठरलं होतं आणि तिचा रक्तगट लाखात एखाद्याचा. त्या गटाचे नऊ दाते पेढीला माहीत होते. त्यांचे फोन नंबर त्या प्रोग्राममध्ये होते. कागदी वही दोन वर्षांपूर्वीच बंद केली होती.

पेढी सांभाळणाऱ्या ताईने धाकट्या भावाला बोलावून घेतलं. प्रोग्राम त्यानेच बसवला होता. खांद्यावरची पिशवी न उतरवताच तो खुर्चीवर बसला आणि त्याने संगणकावर आज्ञा लिहायचा काळा पडदा उघडला. तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एक ओळ लिहायची, उत्तराची वाट बघायची.

चालू काय आहे, त्याने विचारलं. काहीच नाही. थांबलेलं काय आहे? एक नाव आलं. ते चालू करून बघितलं, लगेच पुन्हा बंद पडलं.

"हा कंटेनर," तो म्हणाला. "प्रोग्राम आणि त्याला लागेल ते सामान एका डब्यात भरलेलं असतं. डबा बिघडलाय. उठवला की लगेच पडतोय. काढून टाकतो, नवा उभा करतो. चार सेकंद."

"आणि यादी?"

"यादी डब्यात नसते गं. बाहेर फडताळ असतं, त्यात असते. डबे काय, येतात नि जातात."

काढून टाकायची ओळ त्याने लिहिलीही. बोट एंटरवर गेलं.

"थांब," ताई म्हणाली. "दप्तर आवर म्हटलं की तू दप्तरच पालथं करायचास. आधी आत काय आहे ते बघ."

"ताई, हे मी रोज करतो."

"म्हणून तर म्हणते."

तो हसला. ओळ खोडली आणि डब्याला कोणतं फडताळ जोडलंय ते विचारलं. उत्तरात दोन कंस आले. मधे काही नव्हतं.

त्याचं हसू मावळलं. आठ महिन्यांपूर्वी सगळं नव्या मशीनवर हलवताना फडताळ जोडायचं राहून गेलं होतं. रोज पहाटे राखीव प्रत निघत होती, ती रिकाम्या फडताळाची. ते नऊ जण आणि बाकीचे सहा हजार, सगळे त्या पडलेल्या डब्यात होते.

"गेली का रे यादी?"

"नाही." त्याने खुर्ची पुढे ओढली. "पुसला नाही तोवर थांबलेल्या डब्यातही सगळं जसंच्या तसं असतं. मघाशी मी..."

त्याने खांद्यावरची पिशवी उतरवून खाली ठेवली.

मग त्याने प्रत काढायची ओळ लिहिली. कुठून, कुठे, एकेक अक्षर तपासत. ताईनेही ती वाचली, तिला त्यातलं काही कळत नव्हतं तरी. एंटर. एका ओळीत उत्तर आलं, मिळालं म्हणून. त्याने फडताळ जोडून नवा डबा उभा केला आणि पडद्यावर नावं सरकू लागली. नाव, रक्तगट, नंबर. नाव, रक्तगट, नंबर. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिटही गेलं नव्हतं. सहा हजार माणसं बंद पडलेल्या जागेतून एकापाठोपाठ एक चालत बाहेर येत होती, आणि दोघं भावंडं बघत होती.

ताईने फोन उचलला. नऊ दात्यांपैकी पहिल्या दोघांनी घेतला नाही. तिसरी शिलाईच्या कारखान्यात होती. मागे यंत्रांचा खडखडाट चालू होता. ताईने फक्त पेढीचं नाव सांगितलं.

"निघते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

भाऊ ताईकडे बघत राहिला. "कोणासाठी, ते विचारलं नाही तिने?"

"कोणीच विचारत नाही," ताई म्हणाली, आणि चौथा नंबर लावला.