सातचा चहा

"अक्का, चहा दहा रुपयांनाच विकायचा असा करार आहे. तुम्ही बाजारादिवशी भाजीवाल्यांना सातला देता. आजच कंपनीची पाटी काढून नेतो!" चहा कंपनीचा साहेब गुरकावला.

शेवंताक्कानं हातातली गाळणी खाली ठेवली. पाटी गेली, की दुकान बसलंच. "सकाळधरनं उन्हात बसत्यात वो त्या बाया," ती पुटपुटली.

बशीतनं चहा पिणारा एक वकील म्हणाला, "साहेब, जास्तीत जास्त भाव ठरवा की. पण कमीत विकू नको म्हणून दम दिलात, तर धंद्यातली दादागिरी रोखणारा सरकारी स्पर्धा आयोग जाब विचारंल. पाटी कशापायी काढताय, तेवढं लिहून द्या."

साहेबानं पेन काढलं, परत खिशात खोचलं आणि बाकड्यावर टेकला.

अक्का गालात हसली. "बसा, चहा टाकते. पर तुम्हाला दहालाच हां, करार हाय तुमचा!"