गल्लीचा झगा

खिडकीच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाल्या. आता जंतू मारायला खोलीत गंधक पेटवायचं आणि दार बंद करायचं, एवढंच राहिलं होतं. आरोग्यखात्याच्या मिस ऑरमरॉड यांनी खळीचा ब्रश बादलीत टाकला. बाहेर, इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या त्या अरुंद गल्लीत, खात्याची गाडी उभी होती. गादी, उशा, पडदे सगळं वाफेच्या भट्टीकडे निघालं होतं.

"मिसेस टॅटरसॉल, तुमचं आणखी काही राहिलंय? घटसर्प कपड्यांतूनही पसरतो."

"काही नाही, बाई. तिची चिंध्यांची बाहुलीसुद्धा दिली." एलन टॅटरसॉल रिकाम्या खोलीत उभी होती. कालच ती लेकीला पुरून आली होती.

शेगडीवरच्या फळीवर घड्या पडलेला निळा कागद होता.

"यात काय होतं?"

"बाप्तिस्म्याचा झगा."

"मग तो कुठाय?"

"तो माझा नाही, गल्लीचा आहे. तुम्ही माझं काय ते विचारलंत." एलनच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. "सगळ्यांत मिळून एकच आहे. ज्या घरी पोर, त्या घरी जातो. पाद्रीबाबा घाईघाईनं बाप्तिस्मा द्यायला आले ना, तेव्हा मेबलला घातला. शेवटपर्यंत तोच होता तिच्या अंगावर."

"नंतर उकळलात ना?"

"तो धुवायचा नसतो, बाई." एवढंही कसं ठाऊक नाही, असं एलननं त्यांच्याकडे पाहिलं. "आशीर्वाद निघून जातो त्यातला."

"आता कुणाकडे आहे? लवकर सांगा!"

तेवढ्यात दार ढकललं गेलं. समोरची हॅना उंबरठ्यावर होती, कडेवर तान्हा अल्बर्ट.

"ही मेली गाडी दारातून हलेल तर शपथ! एलन, बघ गं, हा एडवर्ड राजासारखा नटून आलाय तुझ्या भेटीला! उद्याच्या बाप्तिस्म्याआधी म्हटलं झगा घालून बघावा. कसा बसलाय ना अंगावर? पण हा खादाड! सकाळपासून लेस चोखतोय, सोडायचं नाव नाही."

गळ्याजवळची लेस ओली होऊन पोराच्या हनुवटीला चिकटली होती.

मिस ऑरमरॉड काही बोलायच्या आत एलन पुढे धावली. झगा ओढून काढायला तिनं दोन्ही हात पुढे केले.

पोर तिच्याकडे बघून हसलं.

एलन थांबली. मेबलला शेवटपर्यंत कुशीत धरलेल्या आपल्या हातांकडे तिनं पाहिलं आणि ते हळूच पाठीमागे नेले.