फाटकापुढचा बांध

बर्फ सारणारी गाडी माझ्यासमोर थांबली आणि नव्या ड्रायव्हरने काच खाली केली. गेल्या हिवाळ्यापर्यंत फिनलंडमधल्या कुहमो गावाचा हा रस्ता म्हातारा तौनो साफ करायचा. यंदा यार्मो आला आहे. मी फावडं घेऊन त्याच्या वाटेत उभी होते.

“आउने आजी, आता काय राहिलं? रस्ता खरवडला, खडी टाकली. तुमच्या फाटकापुढे तर मूठभर बर्फसुद्धा सोडला नाही.”

“तेच सांगायला आलेय. सोडत जा.”

तो हसला. “गाडीनं फाटकापुढे सारलेल्या त्या बर्फाच्या बांधापायी तुम्ही वीस वर्षं तौनोच्या तक्रारी केल्यात. कचेरीत तुमच्या नावाची वेगळी फाइल आहे.”

“केल्या. सगळ्यांची फाटकं मोकळी आणि बांध तेवढा माझ्यापुढे, म्हणून केल्या. त्यानं कधी तोंड उघडलं नाही. सकाळी बांध टाकून जायचा आणि दुपारी परतताना मी तो फोडलाय का ते बघायचा. गेल्या मार्चमध्ये बांध दुपारीही तसाच होता, तर गडी दार तोडून आत शिरला. मी सौनात, वाफेच्या न्हाणीत, खुबा मोडून पडले होते. तेव्हा कळलं मला.”

यार्मोने इंजिन बंद केलं. त्याने माझ्या हातातल्या फावड्याकडे बघितलं.

“केवढा ठेवू, आजी?”

“माझ्यानं फुटेल एवढाच,” मी म्हणाले. “आणि दर वर्षी थोडा कमी.”