हलका अंदाज

विमान वळवायला किती जड, याचे नेमके आकडे ते बनवणाऱ्यांनी दिलेच नव्हते. इंजिनं, इंधनाच्या टाक्या, खुर्च्या, एकेका वस्तूचं वजन आणि मध्यापासूनचं अंतर धरून इंजिनिअरने वैमानिकांची परीक्षा घेणाऱ्या सिम्युलेटरसाठी अंदाज बांधला. पडद्यावरचं विमान आता खऱ्यासारखंच वळायला उशीर लावायचं आणि एकदा वळलं की आवरायचं नाही. नवे तर नवे, जुने कॅप्टनही त्यावर धडाधड नापास व्हायला लागले.

मॅनेजर वैतागले. "शेवटी तुमचा अंदाजच ना तो? मग जरा हलका अंदाज करा की!"

इंजिनिअरने आकडे उतरवले. पुढची अख्खी बॅच पास झाली. ऑफिसात केक कापला.

काही महिन्यांनी तो कुठेसा जायला विमानात चढला, तर दारातच तरुण को-पायलटने हात पुढे केला. "सर, ओळखलंत? तुमच्याच सिम्युलेटरवर पास झालो!"

"अरे वा! खरं विमान कसं वाटतंय?"

"जरा हट्टी आहे, सर. वळवलं तरी लवकर ऐकत नाही."

इंजिनिअरने कॉकपिटच्या दाराकडे पाहिलं. "पण शेजारी कॅप्टन असतात ना, सांभाळून घ्यायला?"

"असतात की, सर. तेही माझ्याच बॅचचे."